आईच्या नावावरचं घर

बहरीनमध्ये मला मान होता तो माझ्या अक्षरामुळे. आमच्या रायगडकडच्या गावातले बरेच पुरुष त्या वर्षांत तिथे होते, कुणी दुकानात, कुणी गॅरेजमध्ये, कुणी ऑफिसात चहा देता देता वर चढलेले. पण गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत पहिला नंबर न सोडलेला मी एकटा. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, जुम्याची नमाज झाल्यावर, नईम मोहल्ल्यातल्या एका खोलीत आमच्या जमातीची बैठक भरायची तेव्हा रजिस्टर माझ्या मांडीवर असायचं. काय ठरलं ते मी लिहायचो. पुष्कळदा काय ठरावं तेही मीच सांगायचो, कारण गप्प बसणं माझ्या स्वभावात नव्हतं.

बैठकीचं काम एकच असे. गावात घरोघरी म्हातारी माणसं उरली होती. त्यांचे मुलगे आखातात होते, किंवा मुलगे नव्हतेच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाणी द्यायला, कूस बदलून द्यायला, अंग पुसायला कुणी नसायचं. अशा माणसाच्या घरी दिवसरात्र राहील अशी बाई ठेवायची आणि तिचा पगार फंडातून द्यायचा, यासाठी आम्ही सगळे वर्गणी काढायचो. आपापल्या आयांपासून समुद्रापार बसलेल्या माणसांना एवढं तरी केल्याने बरं वाटायचं.

मग एका वर्षी असं निघालं की सुपारीची वाडी आणि भाड्याने दिलेलं अर्धं घर असलेल्या एका गृहस्थांनी फंडाची बाई मिळवली होती, आणि ती त्यांच्या सुनेची धुणीभांडी करत होती. मी उखडलो. त्याच बैठकीत नियम लिहिला: अर्जदाराच्या किंवा त्याच्या मुलांच्या नावावर घर अगर जमीन असल्यास फंडातून बाई मिळणार नाही, अर्जासोबत ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा जोडावा. ‘अगर’ हा शब्द लिहिताना मला भारी समाधान वाटलं होतं. कुणीतरी कोपऱ्यातून विचारलं, एखाद्याचं नुसतं पडकं घर असतं, त्याचं काय करायचं? मी म्हणालो, विटा खाता येत नाहीत, पण विकता येतात. खोलीतले सगळे हसले, आणि नियम पास झाला.

त्या नियमाखाली पहिला अर्ज फेटाळला गेला तो एका म्हाताऱ्या तांडेलाचा. आयुष्यभर दुसऱ्यांची गलबतं हाकलेला माणूस, बायको गेलेली, मूलबाळ नाही, छपराची एक बाजू पावसाने खाली आलेली. पण उताऱ्यावर घर त्याच्या नावाने लागलेलं होतं. मी त्याच्या नावासमोर ‘नामंजूर’ लिहिलं आणि समोर आलेला चहा प्यायलो. तो पुढच्या वर्षी गेला. त्याच्या घराला कुणी गिऱ्हाईक लागलं नाही, विटा अजून तिथेच होत्या.

माझं स्वतःचं घर तेव्हा नुकतंच पुरं झालं होतं. माझं म्हणतो, पण ते आईच्या नावावर होतं. आमच्याकडे आखातात गेलेला मुलगा पहिलं घर बांधतो ते आईच्या नावावर. हे कुणी शिकवत नाही आणि कुणी विचारतही नाही. वडील मी लहान असताना गेले. आईने लोकांच्या लग्नात भाकऱ्या भाजून, सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन मला वाढवलं, ते चुलत्यांच्या घरातल्या एका खोलीत. त्या खोलीत ‘थोडी सरकून घे’ असं तिला किती वेळा ऐकावं लागलं ते मी पाहिलं होतं. तुबलीच्या खाडीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी क्लार्क होतो. गाड्यांच्या सुट्या भागांच्या याद्या करायच्या, गिऱ्हाइकांशी मोडक्या अरबीत वाद घालायचा. त्या नोकरीतून मी चार खोल्यांचं घर उभं केलं. कागद करायच्या वेळी आई अंगठा लावणार नाही म्हणाली. महिनाभर चुलतभावाच्या मुलीकडून सही शिकली आणि मग तालुक्याला गेली. माझं लग्न तेवढं राहिलं होतं, घर झालं की करू, असं म्हणता म्हणता.

आणि मग एकामागून एक दोन गोष्टी झाल्या. वर्कशॉपचा मालक वारला. त्याचे मुलगे वाटणीवरून कोर्टात गेले आणि वर्कशॉपला सील लागलं. आमचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात, कपाट सीलच्या आत. पगार बंद. विचारायला जावं तर थोरला धाकट्याकडे बोट दाखवायचा आणि धाकटा इंशाल्ला म्हणायचा. जिदहफ्सच्या बाजारात एका गाववाल्याच्या कापडाच्या दुकानात मी दिवसभर ताग्यांच्या घड्या घालत बसू लागलो, दोन वेळच्या जेवणावर. तिथे एक महिना झाला असेल नसेल, तोच गावाहून चुलतभावाचं पत्र आलं. आई न्हाणीत घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की या वयात ते आता असंच राहणार.

चुलतभाऊ माझ्याहून वर्षाने लहान, गावातच राहणारा, पोस्टात काम करणारा सरळ माणूस. त्याची बायको सकाळ-संध्याकाळ माझ्या घरी जाऊन आईचं करत होती. पण तिच्या घरी तीन मुलं आणि म्हातारी सासू. मधल्या वेळात आई कुलूप लावलेल्या घरात एकटीच पडून असे. तहान लागली तर तांब्या हाताशी असायचा, पण तो कलंडला तर संध्याकाळपर्यंत तसंच. दिवसरात्र राहायला एक बाई तयार आहे, त्याने लिहिलं होतं, पण आपल्याच्याने तिचा पगार निघणार नाही, तू काहीतरी कर.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मी जाऊ शकलो असतो. एम्बसीतून आउटपास, म्हणजे पासपोर्टाशिवाय एकदा घरी जाण्याचा परवाना, काढून गावी निघून जाता आलं असतं. मग व्हिसा गेला असता, अडकलेला पगार बुडाला असता आणि गावात बसून दोघांनी काय खाल्लं असतं ते मला दिसत नव्हतं. कारणं खरी होती. पण मी गेलो नाही हेही खरं होतं, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

घर विकायचा विचार करून पाहिला. गावात ज्याला घर घेण्याची ऐपत होती त्याने आधीच स्वतःचं बांधून त्याला कुलूप लावलेलं होतं. मग मी पहिल्या शुक्रवारी आईचा अर्ज घेऊन नईमला गेलो. अर्ज माझ्याच अक्षरात होता. उतारा चुलतभावाने पाठवला होता, तो मीच टाचणीने जोडला. खोटं लिहिण्याची मला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं की ही माणसं माझ्यासाठी नियम बाजूला ठेवतील.

ज्याच्या घरचा अर्ज असेल त्याने चर्चेच्या वेळी बाहेर बसायचं, हीदेखील मीच घातलेली पद्धत होती. रजिस्टर दुसऱ्याच्या मांडीवर ठेवून मी जिन्यात जाऊन बसलो, सगळ्यांच्या चपलांमध्ये. आतून एसीच्या घरघरीखेरीज काही ऐकू येत नव्हतं. त्या खोलीत मी दर महिन्याला बसत होतो, तिथल्या प्रत्येकाला ओळखत होतो, आणि त्या जिन्यात मला इतकं परकं वाटलं की उठून निघून जावं असं दोनदा मनात आलं. विटांबद्दलचं ते वाक्य कुणीतरी मला ऐकवणार म्हणून मी तयार होऊन बसलो होतो. कुणी ऐकवलं नाही. बहुतेक ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षातच नव्हतं.

शेवटी जमातीचे अध्यक्ष स्वतः बाहेर आले. त्यांचं नईममध्ये किराणा दुकान होतं, वयाने सगळ्यांत मोठे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. गुडघे दुखत असूनही ते माझ्या शेजारी पायरीवर बसले.

“घर तुज्या आईच्या नावावर हाय,” ते म्हणाले. “आज तुज्यासाठी नियम मोडला तर त्या तांडेलाला काय जवाब देवू आमी? वरती गेल्यावर तो इचारील ना.”

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत सगळ्यांनी मिळून काढलेली वाट सांगितली. आईच्या नावावरून घर काढायचं. माझ्या नावावरही करायचं नाही, कारण नियमात मुलंही येतात. चुलतभावाच्या नावावर करायचं, म्हणजे आईच्या आणि माझ्या नावावर काही उरत नाही, आणि पुढच्याच महिन्यात बाई मंजूर.

“हिबा करून टाक, खलास,” चाचा म्हणाले. “कागदच तर हाय.”

हिबा म्हणजे आमच्यात माणसाने जिवंतपणी, काही न घेता दिलेलं दान. तोंडाने द्यायचं, घेणाऱ्याने घ्यायचं, आणि देणाऱ्याने त्या वस्तूवरचा ताबा सोडायचा. ताबा सोडला नाही तर हिबा पुरा होत नाही. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण आम्ही पुरुष तेव्हा कागदपत्रांची माणसं होतो, व्हिसा, रजा आणि आयडी कार्डाच्या भाषेत विचार करणारी. आम्हाला त्यात दिसला तो फक्त स्टॅम्पपेपर.

मी एका दुपारी, खोलीतले बाकीचे तिघे शिफ्टला गेलेले असताना, आईसाठी कॅसेट भरली. ती वाचू शकत नसे, म्हणून आमची सगळी पत्रं कॅसेटवर व्हायची आणि रजेवर जाणाऱ्याच्या बॅगेतून प्रवास करायची. मी तिला सगळं समजावून सांगितलं. फंडाचा नियम सांगितला, तो मीच लिहिला होता हे सोडून. हे फक्त कागदावर आहे आई, तुझं घर तुझंच राहणार, असं मी तीनदा तरी म्हटलं. ती काय म्हणेल याची मला धाकधूक होती. तीन आठवड्यांनी चुलतभावाचं पत्र आलं की काम झालं.

जीपच्या मागच्या बाजूला गादी टाकून आईला तालुक्याला नेलं होतं. रजिस्टर कचेरीतला कारकून शाईचं पॅड घेऊन जीपपाशी आला, तिला उतरता येईना म्हणून. तिने त्याच्याकडून पेन मागून घेतलं आणि पडल्या पडल्या सही केली. परत आल्यावर घराच्या दारात तिने सगळ्यांना थांबवलं. आत न्यायला देईना. कमरेची किल्ली काढून चुलतभावाच्या हातात दिली, त्याला आधी आत जायला लावलं, आणि त्याने आतून ‘ये’ म्हटल्यावरच खाट उचलू दिली. म्हातारपणी माणसं काय काय करतात, असं चुलतभावाने लिहिलं होतं. वाचताना मलाही हसू आलं.

अर्ज मंजूर झाला. बाई आली. पुढच्या दोन कॅसेटींत आईचा आवाज मोकळा होता. बाई केस विंचरते, नखं कापते, दुपारी अंगणात खाट नेऊन ऊन दाखवते. पडून पडून पाठीला झालेली जखम बरी झाली. मी ती कॅसेट जिदहफ्सच्या दुकानात मालकालाही ऐकवली. आपण किती हुशारीने वाट काढली, असं मला खरोखर वाटत होतं. फक्त एक गोष्ट कानाला खटकायची. आवळ्याचं झाड तोडलं, ‘त्याला विचारून’. बाईच्या मुलीला दोन दिवस ठेवून घेतलं, ‘त्याला विचारून’. मला वाटलं, ती चुलतभावाचा मान राखतेय.

खरी गोष्ट कळली ती रजेवरून परत आलेल्या एका गाववाल्याकडून. आईने त्याच्याबरोबर सुकट आणि कोकमं पाठवली होती. ती माझ्या हातात देताना तो जरा घुटमळला, आणि मग म्हणाला की तुझी आई पडवीत असते. मागच्या पडवीत, लाकडांच्या ढिगाशेजारी, खाट आणि एक ट्रंक. बाईही तिथेच खाली अंथरूण घालते. चारही खोल्यांना कुलूप आहे. किल्ली चुलतभावाकडे.

मी त्याच दिवशी टेलिफोनच्या ऑफिसात जाऊन पोस्टात फोन लावला. चुलतभावावर मी काय काय ओरडलो ते इथे लिहीत नाही, अजून लाज वाटते. तो ऐकून घेत राहिला आणि मग रडत रडत बोलू लागला. तो तिला पहिल्या दिवसापासून विनवत होता. त्याची बायको पाया पडली होती. आई म्हणाली, दिलेल्या घरात मी मालकिणीसारखी पसरून राहिले तर तो हिबा कसला, आणि हिबा खोटा असेल तर फंडाची बाई मी कुणाच्या हक्काची घेतेय? बाई हवी तर घर सोडलंच पाहिजे. पडवी त्याने दिली तर ती राहील, नाहीतर तेही नको. “माझ्या तोंडावर लोक म्हणतात, म्हातारीला बाहेर काढलीस,” तो म्हणाला. “तू तिकडे बसलायस. मी रोज या रस्त्याने पोस्टात जातो.”

त्यानंतर मी नईमच्या बैठकीला जाणं सोडलं. चाचांनी दोनदा निरोप पाठवला. शुक्रवारी खोलीतले सगळे बाहेर पडले की मी तुबलीच्या खाडीकडे चालत जायचो आणि सील लावलेल्या वर्कशॉपसमोरून परत यायचो. मनातलं बोलायला कुणी नव्हतं, कारण सांगायचं काय? फसवणूक आम्ही सगळ्यांनी मिळून केली होती, आणि ती करायला तयार न झालेलं एकच माणूस लाकडांच्या ढिगाशेजारी झोपत होतं. त्या वर्षी मी जेवढा एकटा होतो तेवढा आधी कधी नव्हतो आणि नंतरही झालो नाही.

पुढच्या थंडीत कोर्टाचा निकाल लागला. सील निघालं, पासपोर्ट हातात आला, अडकलेल्या पगारातला काही भाग मिळाला, आणि एका वाहतूक कंपनीत व्हिसा बदलून मला नोकरी लागली. बाईचा पगार आता मी देऊ शकत होतो. फंडाची गरज उरली नाही तशी त्या कागदाचीही उरली नव्हती. चुलतभाऊ म्हणाला, उद्या सांग, उद्या तालुक्याला जाऊन तिच्या नावावर परत करतो. मी मोठ्या आनंदाने कॅसेट भरली. आई, आता चार खोल्या उघडायच्या, समोरच्या खोलीत खिडकीपाशी खाट टाकायची, फंडाला सांगून दुसऱ्या कुणाला तरी बाई द्यायची. मी रजाही टाकली होती, दहा दिवसांची. चार वर्षांनी तिला बघणार होतो.

तिचं उत्तर यायला महिना गेला. कॅसेट एका टॅक्सीवाल्या गाववाल्याने आणून दिली. शुक्रवारची सकाळ होती, खोलीत मी एकटाच होतो. सुरुवातीला नेहमीचं सगळं होतं, कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाची म्हैस व्याली. मग मागे कोंबड्यांची कॉक-कॉक ऐकू आली.

“बाबा, तुजा निरोप आयकला,” ती म्हणाली. “तो घर परत देतो म्हनून सांगितलान. मी नको बोलले. दिलेला परत घेयाचा नसतो. तू कागद कागद म्हनालास, पन मी अल्लाला साक्षी ठेवून दिलंय. बाईचा पगार तू देतंस, त्या झ्याक झाला. मना हय काय कमी नाय.”

मला वाटलं कॅसेट संपली.

“तू रजेवर येनार हायस. पन उतरशील कुटं बाबा? पडवीत दोन खाटी मावत नाय. त्याला आदी इचाराया पायजे. तू पत्र टाक त्याला, मी पन सांगून ठेवतंय.”

मी कॅसेट मागे फिरवून पुन्हा ऐकली, आणि पुन्हा ऐकली. ती चिडलेली नव्हती. टोमणाही नव्हता, टोमणा तिला जमत नसे. तिला खरंच काळजी पडली होती की मुलगा एवढ्या लांबून येणार आणि त्याला गावात जागा नाही. मग मी ट्रंकेवर कागद ठेवला आणि ज्या अक्षरामुळे मला मान होता त्या अक्षरात चुलतभावाला लिहायला बसलो, की तुझी हरकत नसेल तर येत्या महिन्यात दहा दिवस तुझ्या घरी, माझ्या आईजवळ, राहायला येऊ का.